आता बसून खा

माझ्या वडलांच्या हातातलं खुरपं मी काढून घेतलं. गोष्ट २००७ सालची. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली म्हणून मी गावी आलो होतो. गाव माणदेशातलं, दहिवडीहून म्हसवडकडं जाणाऱ्या रस्त्यापासून चारेक किलोमीटर आत. आबा तेव्हा बहात्तरीला टेकले होते. परड्यातल्या मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसून खुरपत होते. रस्त्यानं जाणारा एक पाहुणा थांबला आणि मला म्हणाला, "गुरुजी, दोन पोरं कमावती असून म्हातारा अजून मातीतच व्हय?"

मला ते लागलं. मी तसाच वाफ्यात गेलो, आबांच्या हातातलं खुरपं घेतलं आणि म्हणालो, "आबा, लई केलंत आजवर. आता बसून खा."

त्यांनी मान वर करून बघितलं. "मला काय झालंय रं? हात मोडल्यात का पाय?"

"तसं न्हाई. पण लोकं काय म्हणतील आमाला?"

आबा पुढं काही बोलले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठले, धोतराला हात पुसले आणि पडवीत येऊन बसले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आपण श्रावणबाळ झालो असं वाटलं होतं. आज अठरा वर्षांनी मी सांगतो की तो आराम मी आबांना दिला नव्हता, पाहुण्याला दिला होता. त्याचं तोंड बंद करायला मी माझ्या बापाला बसवलं.

'आता बसून खा' हे तीन शब्द आपल्याकडं घरोघरी बोलले जातात, आणि मायेनं बोलले जातात, म्हणूनच त्यांच्याविरुद्ध कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे. आपली म्हातारी माणसं वयानं जेवढी खचतात त्याहून जास्त या तीन शब्दांनी खचतात, असं माझं मत आहे. आणि ते मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही, घरातून घेतलंय. पुस्तकं मी नंतर वाचली.

आम्ही काय काय केलं ते आधी सांगतो, कारण यातलं प्रत्येक काम तुम्हीही करत असाल.

पहिल्यांदा बैलं विकली. आबांची खिल्लार जोडी होती. पौषात खरसुंडीच्या यात्रेत धाकट्यानं ती देऊन टाकली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळत होता, हिशेबानं ते बरोबरच होतं. पण आबांना पहाटे चारला उठायची साठ वर्षांची सवय. बैलं गेल्यावरही ते चारलाच उठायचे, रिकाम्या गोठ्यात जाऊन दावणीवर बसायचे आणि उजाडलं की परत यायचे. आम्ही त्याला म्हातारचळ म्हणालो.

मग घर सुधारलं. शेणानं सारवलेली जमीन काढून चकचकीत फरशी बसवली. पाहुणेरावळे आले की फरशीचं कौतुक करायचे. त्यावर पाणी सांडलं तर धडधाकट माणूससुद्धा घसरतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग वाटणी केली. आबांनीच म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत करून टाका." आम्ही तलाठ्याकडं जाऊन सगळं रीतसर केलं. सातबारा दोघा भावांच्या नावावर. आबांचं नाव कशावरच राहिलं नाही. त्यात कुणाचा डाव नव्हता. पण वाटणीच्या आधी सोसायटीचा सचिव यायचा तो आबांकडं यायचा, बांधाचं भांडण घेऊन भावकी यायची ती आबांकडं यायची, डाळिंब लावावं का मटकी पेरावी हे विचारायला लोक पडवीत बसायचे. वाटणीनंतर सगळे धाकट्याला फोन करू लागले. पडवीतून माणसं जायची, आबांना "बरं हाय का?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत आतल्या खोलीत शिरायची. तंबाखूच्या पुडीला दहा रुपये पाहिजे असले तर ज्या माणसानं दोन लेकींची लग्नं आणि दोन ल्योकांची शिक्षणं केली, तो सुनेला हाक मारायचा. आणि हाक मारायच्या आधी दोन दिवस पुडी पुरवून पुरवून वापरायचा.

शेवटी टीव्ही आणला. तो पडवीत बाजल्यासमोर लावला आणि आमचं कर्तव्य संपलं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन "पुढच्या हिवाळ्यात करू" म्हणत तीन हिवाळे गेले. कानाचं तर आम्ही गमतीवर नेलं. नातवंडं मुद्दाम हळू बोलायची आणि आबा भलतंच उत्तर द्यायचे की घर हसायचं. पुढं आबांनी उत्तर द्यायचंच सोडलं. म्हातारा आता गप्प गप्प असतो, असं आम्ही म्हणू लागलो. मग दिवस-वार चुकायला लागले. एकदा त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली. आम्ही म्हणालो, वय झालं.

२०१२ च्या माघात रात्री ते लघवीला उठले. संडास अंगणाच्या पलीकडं. दिवा लावला तर सून उठेल म्हणून अंधारातच निघाले. फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "यांना उठवा, धरून चालवा." आबा पहिल्या पावलाला ओरडले. आणि आम्ही पुन्हा तेच केलं. "राहू द्या, आबा. पडून राहा. आराम करा." पाच महिने ते पडून राहिले. पाठीला जखमा झाल्या. आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी गेले.

तेराव्याला सगळे म्हणाले, पोरांनी सेवा केली. सेवा पोरांनी केली नव्हती, माझ्या भावजयीनं केली होती. अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, रात्री उठणं, सगळं तिनं. हेही इथंच सांगून टाकतो. 'आमच्या घरात म्हाताऱ्यांना कशाला हात लावू देत नाही' असं मिशीवर ताव मारून सांगणारे आपण पुरुष असतो, आणि त्या बसवलेल्या माणसाचं ओझं एखादी सून उचलत असते. म्हातारा हिंडता-फिरता राहिला असता तर दोघंही सुटली असती.

आता पुस्तकातलं. आबा गेल्यावर, अपराधाची टोचणी लागली म्हणून म्हणा, मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. २००७ साली, म्हणजे मी खुरपं काढून घेतलं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग छापला होता. साठीच्या पुढच्या बारा ठणठणीत माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. खायला-प्यायला व्यवस्थित दिलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस उतरलं. दहा दिवसांत! आणि ती माणसं आजारी नव्हती. आम्ही आबांना पाच वर्षं बसवलं आणि पाच महिने निजवलं.

दुसरा प्रयोग त्याच्याही आधीचा, १९९० सालचा. वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली, वय ८६ ते ९६. त्यांच्याकडून आठ आठवडे पायानं वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो शेवटपर्यंत केला त्यांच्या पायातली ताकद सरासरी दुपटीच्याही वर गेली. त्यांतल्या दोघांनी काठी सोडली. म्हणजे नव्वदीतही शरीर ऐकतं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. आणि आपण सांगतो काय, तर बस.

तिसरी गोष्ट कानाडोळ्यांची. स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या लॅन्सेट आयोगानं २०२४ साली चौदा कारणं सांगितली, जी सावरली तर जवळपास निम्मे रुग्ण टाळता येतील किंवा निदान त्यांचा आजार पुढं ढकलता येईल. त्या यादीत ऐकू कमी येणं आहे, उपचार न केलेली कमी दृष्टी आहे, हालचाल नसणं आहे, एकटं पडणं आहे, धूम्रपान आहे, रक्तदाब आणि साखर आहे. मी ती यादी घेऊन बसलो आणि आबांच्या नावापुढं एकेक खूण करत गेलो. मोतीबिंदू: खूण. कान: खूण. बसून राहणं: खूण. एकटेपणा: खूण. पुढं मोजलं नाही. आबांचं डोकं कशानं गेलं हे छातीठोक सांगायला मी डॉक्टर नाही. पण 'वय झालं' हे उत्तर मी आता कुणाकडून ऐकून घेत नाही.

त्याच वाड्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून, थोरली नानी राहायची. आबांची भावजय, माझी थोरली चुलती. आबांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल. तिचा जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा थोरली लेक लग्नाला आली होती, एवढ्यावरून हिशेब. नवरा लवकर गेला. ल्योक मुंबईला माथाडीत. तो दर गणपतीला यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, "आये, चल मुंबईला. आता बसून खा." आणि नानी दरवर्षी म्हणायची, "तुझ्या खोलीत दार लावून बसू व्हय? मला काय बाटलीत घालतूस का लोणच्यावानी?"

नानीच्या नावावर वीस गुंठे होते, नवऱ्याच्या मागं वारस म्हणून आलेले. ते तिनं शेवटपर्यंत ल्योकाच्या नावावर केले नाहीत. गाव म्हणायचं, म्हातारी नाग होऊन बसलीय जमिनीवर. नानी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नागाला दूध तरी पाजत्यात. गांडुळाला कोण इचारतं?" तिच्या मागं ती जमीन ल्योकालाच जाणार होती, तिलाही ते मान्य होतं. पण जिवंत असेपर्यंत ल्योक आणि सून येताना पिशवीभर काहीतरी घेऊन यायचे, दोन दिवस राहायचे, विचारून जायचे. माया होतीच. सातबाऱ्यानं मायेला जरा शिस्त लावली होती, एवढंच.

दोन शेरडं होती. त्यांच्यामागं ती दिवसातून दोनदा ओढ्यापर्यंत जायची. म्हणजे डॉक्टर सांगतात तेवढं चालणं झालं, आणि वर दूधही. सत्तरीनंतर तिनं शेतातलं जड काम सोडलं, पण बसली नाही. वाकळा शिवायची. आणि गावाचं बियाणं राखायची. दोडका, घेवडा, भोपळा, देशी वांगं, राजगिरा, सगळ्याचं बी राखेत घालून मडक्यात. मिरगाच्या तोंडावर बायका तिच्या दारात यायच्या. "नाने, घेवड्याचं चार दाणं दे." नानी दाणे द्यायची, कधी लावायचं ते सांगायची, आणि पुढच्या साली दुप्पट परत घ्यायची. विसरली कुणी तर भर चावडीसमोर हाक मारून मागायची. तिला कुणाला काय दिलं ते पाठ असायचं. ज्या वर्षी आबा वार विसरायला लागले त्या वर्षी नानीला सतरा घरांच्या बियाणांचा हिशेब तोंडपाठ होता.

डोळ्यांचं ऑपरेशन तिनं स्वतः मागून घेतलं. मोफत शिबिराची गाडी गावात आली, ती पिशवी घेऊन चढली. "मला सुई ओवाय येत न्हाई," एवढंच डॉक्टरला सांगितलं. आमच्या आबांना सुई ओवायची नव्हती, खुरपायचं नव्हतं, हिशेब बघायचा नव्हता. मग डोळे हवेत कशाला? आम्हीच त्यांचं डोळ्यांचं काम काढून घेतलं होतं, म्हणून आम्हाला तीन हिवाळे घाई वाटली नाही. आज मागं बघताना ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

श्रावणबाळ योजनेचे पैसे तिला मिळायचे. आधी महिना ६००, मग १०००, आणि २०२३ पासून १५००. ते आणायला ती एसटीनं दहिवडीला जायची, बाजाराच्या दिवशी. बँकेतल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटायचा नाही. आयुष्यभर खडी आणि खुरपं धरून अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. तीन-तीन खेटे व्हायचे. मी म्हटलं, "नाने, मी काढून आणतो, तू कशाला जातीस?" ती म्हणाली, "पैशासाठी जाती व्हय मी? बाजार बघाय जाती. चार बाया भेटत्यात." त्या पैशातून ती नातवंडांना खाऊ द्यायची, पंढरीला जाणाऱ्या दिंडीला दहा-वीस रुपये द्यायची आणि स्वतःला आठवड्याला चार अंडी आणायची. म्हाताऱ्या माणसाला अंडं कशाला, असं आमच्या घरात म्हणायचे. आम्ही आबांना पातळ भात आणि वरणाचं पाणी द्यायचो, दात नाहीत म्हणून. आता कळतंय की म्हातारपणी मांस झडायला लागतं म्हणून प्रथिनं तरण्या माणसापेक्षा थोडी जास्तच लागतात. वजनाच्या दर किलोमागं रोज ग्रॅमभर तरी. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ मऊ शिजवून, अंडं, दूध, यातलं काहीही आमच्या घरात नव्हतं असं नाही. ते ताटात वाढायचं आम्ही बंद केलं होतं.

नानी २०२३ साली गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी गेली. नव्वदीच्या घरात होती. शेवटच्या दिवशी तिनं भावजयीला जवळ बोलावून कुठल्या मडक्यात कुठलं बी हाय ते सांगितलं.

आता तुमचे प्रश्न. मला ते माहीत आहेत, कारण सभेत मी हे बोललो की तेच येतात.

पहिला प्रश्न, "म्हणजे म्हाताऱ्यांना राबवायचं का?" नाही. आणि हे मला ठासून सांगायचंय, नाहीतर उद्या कुणी माझा दाखला देऊन आईला धुणंभांडी लावेल. आमच्या भागातून आणि बीडकडून ऊसतोडीला जोडपी जातात तेव्हा सहा-सहा महिने लेकरं, शेरडं, पाणी, चूल सगळं सत्तरीच्या म्हातारीवर टाकून जातात. त्यांचाही नाइलाज असतो. पण ते चांगलं म्हातारपण नव्हे, ती वेठ आहे. नानीच्या कामात आणि त्या वेठीत फरक एकच: नानीला नको वाटलं त्या दिवशी ती करत नव्हती. काम सोडायचा हक्क पाहिजे आणि काम धरून ठेवायचाही हक्क पाहिजे. दोन्ही तिचेच. आबांचा दुसरा हक्क आम्ही काढून घेतला, ऊसतोडीवाल्यांच्या म्हातारीला पहिला मिळतच नाही.

दुसरा प्रश्न शहरातल्या वाचकांचा असतो, आणि तो प्रश्न नसतो, उसासा असतो. "गावाकडं काय, शुद्ध हवा, एकत्र कुटुंब. तिकडची माणसं काटकच." अहो, त्या शुद्ध हवेत नानीनं साठ वर्षं चुलीचा धूर ओढला. तिला जन्मभराचा खोकला होता. चुलीच्या धुरानं फुप्फुसं जातात. आमच्या कितीतरी बायका मिसरी लावून तोंडाच्या कॅन्सरनं गेल्या. आणि एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर आबा सात माणसांच्या कुटुंबात राहून एकटे होते, आणि नानी एकटी राहून सतरा घरांशी बांधलेली होती. छप्पर एक असलं म्हणजे सोबत होते असं नाही. विचारणारं कोणीतरी लागतं. "कसं आहात?" असं नव्हे, "हे कसं करू?" असं विचारणारं.

शहरातही मी काही वेगळं बघत नाही. पुण्यात माझे जुने सोबती आहेत. त्यांच्या आई-बापांची पाळी लागते, तीन महिने थोरल्याकडं, तीन महिने धाकट्याकडं, पाण्याच्या पाळीसारखी. बॅग कायम भरलेली. शेजाऱ्याची ओळख होते तोवर पाळी बदलते. चौथ्या मजल्यावरच्या घरात आईला मऊ सोफा, औषधांची डबी, वर्षाला एक तपासणी. फक्त भाजी कुठली करायची हेही कुणी विचारत नाही. तीच पडवी, फक्त फ्लॅटमधली.

आणि सरकार? सरकार पैसे देतं, हे खोटं नाही. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे. पण आमच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या येतात, त्यांतली एक कधी येते, कधी येत नाही. तिकीट माफ केलं आणि गाडीच नसली तर माफी कशाची? सत्तरीच्या पुढं पाच लाखांपर्यंतचा इलाज आता आयुष्मान कार्डावर आहे, उत्पन्न न बघता. चांगलंच आहे, खुबा मोडल्यावर त्याचा उपयोग होईल. खुबा मोडू नये म्हणून संडासाच्या वाटेवर एक दिवा आणि भिंतीला एक दांडी, हे मात्र कुणाच्या यादीत नाही. वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये एकदाच मिळतात, त्यात चष्मा येतो, काठी येते. धड कानाचं यंत्र येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती, आता कितीतरी जास्त असतील. त्यांचे कान तपासायला तालुक्याला महिन्यातून एकदा जरी माणूस बसला तरी कितीतरी पडव्यांमधली तोंडं पुन्हा उघडतील.

पण सरकारवर सगळं ढकलून मला सुटायचं नाही. आबांना सरकारनं बसवलं नव्हतं.

म्हणून जे गावात आणि नात्यात मी तोंड वाजवून सांगत असतो, ते इथंही सांगतो. वाटणी करा, पण म्हाताऱ्या माणसाच्या नावावर तुकडा राहू द्या. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळायची अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, अट पाळली नाही तर ते रद्द करून मागायची सोय आहे, आणि त्यासाठी प्रांतापुढं दाद मागता येते. लाज वाटून घेऊ नका, कायदा लाजणाऱ्यांसाठी केलेला नाही. हातात स्वतःचे पैसे असू द्या, मग ते दोनशे का असेनात, आणि त्यांचा हिशेब मागू नका. डोळे, कान, दात यांना 'वय झालं' म्हणू नका, त्यांना डॉक्टरकडं न्या. रात्रीच्या वाटेवर दिवा लावा. चकचकीत फरशी बसवायच्या आधी तुमची आई त्यावर कशी चालेल ते बघा. ताटातलं अंडं काढू नका. आणि घरातला एक तरी निर्णय असा ठेवा की जो त्यांना विचारल्याशिवाय होणार नाही. विचारल्याचं नाटक करू नका, म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

हे सगळं करूनही माणसं आजारी पडतील आणि जातील. अर्धांगवायू व्हायचा तो होईल. ज्यांना खरंच अंथरूण सुटत नाही त्यांची सेवा करावीच लागेल, आणि ती मुलग्यांनीही करावी लागेल. मी मरण टाळायचा उपाय सांगत नाही. मरायच्या आधी पाच वर्षं माणसाला मेल्यात जमा करू नका, एवढंच सांगतोय.

माझं आता अडुसष्टावं चालू आहे. निवृत्त झाल्यापासून गावीच असतो. गेल्या दिवाळीत ल्योक आला, पुण्याला चांगल्या नोकरीला आहे, मायाळू आहे. मी परड्यात होतो, त्याच जागी, लसणाच्या वाफ्यात. तो कडंला उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, कशाला त्रास घेता? आता आराम करा ना. गडी लावू आपण एक."

मी वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अगदी तोच भाव होता, जो त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर असणार. मला राग आला नाही. म्हटलं, "कोण म्हणालं तुला? रस्त्यावर कुणी भेटलं का?"

तो चपापला. खरंच कुणीतरी भेटलं होतं.

मी त्याला वाफ्यात बसवला आणि दुसरं खुरपं दिलं. अर्ध्या तासात त्याची कंबर धरली. उठताना "आई गं" म्हणाला. माझं निम्मं व्हायचं होतं अजून. त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. ज्या दिवशी मला नको वाटेल त्या दिवशी खुरपं मी आपणहून खाली ठेवीन. तोवर कुणाला ते मागायचं असेल तर आधी माझ्या शेजारी बसून दोन वाफे खुरपावेत, आणि मग मागावं.